आधी आपला खण आवरा

घर आवरायला काढलं की तासाभरात कुणाचा तरी आवाज चढतो. "हे कुणी ठेवलंय?" "ते टाकू नका, लागतं." संध्याकाळपर्यंत पसारा खोलीभर पसरतो आणि सगळे एकमेकांवर रुसून बसतात. तुमच्याकडेही असं होत असेल तर मनाला लावून घेऊ नका. बहुतेक घरांत होतं. पण ते टाळता येतं.

त्यासाठी एक गोष्ट पाळा. दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय टाकू नका. मग ती मुलाची मोडकी गाडी असो, सासूबाईंचा पितळी डबा असो की घरातल्या कुणाची जुनी मासिकं. तुम्ही आवरताय ते घरात जरा निवांतपणा यावा म्हणून. आपण बाहेर गेलो की मागे आपल्या वस्तू जातात, अशी धास्ती एकदा बसली की माणूस वस्तू लपवायला लागतो. मग निवांतपणाही गेला आणि जागाही.

म्हणून पहिल्यांदा स्वतःचा खण उघडा. तुमचे कपडे, तुमची पुस्तकं, तुमच्या पर्स. तो मोकळा झालेला दिसला की घरातले आपणहून विचारतात, "माझंही काढू का?" सांगून जे होत नाही ते असं होतं.

माळ्याला आत्ता हात लावू नका. माळ्यावरची वस्तू रोज त्रास देत नाही. रोजचा हात जिथे जातो तिथून सुरुवात करा. दाराजवळची जागा, ओटा, जेवणाचं टेबल, चपलांचा स्टँड. सकाळी साडेसातला किल्ली सापडत नाही, चष्मा सापडत नाही, मुलाची वही सापडत नाही. निम्मी चिडचिड तिथेच होते. किल्लीला एक खिळा आणि वह्यांना एक फळी ठरवून द्या.

या चिडचिडीचा भार घरात सगळ्यांवर सारखा पडत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये संशोधकांनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांना स्वतःचं घर फिरून दाखवायला सांगितलं. ते निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त आली, त्यांच्या शरीरातला ताणाशी जोडलेला कॉर्टिसोल हा स्राव दिवस उतरताना हवा तसा उतरत नव्हता. नवऱ्यांमध्ये असं ठळक काही दिसलं नाही. आपल्या घरांत काय वेगळं असणार? पसारा दिसतो तो तिला, आणि आवरायचा तोही तिनेच. म्हणून घरातल्या पुरुषांना आणि मुलांना माझं सांगणं आहे, "मदत" करू नका. एक जागा तुमची म्हणून घ्या आणि ती कायम तुम्हीच सांभाळा.

आता धोक्याच्या वस्तू. इथे भावनेचा प्रश्न नाही, तेव्हा हे काम लवकर उरका.

औषधांचा डबा टेबलावर ओता. मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या काढा. सुट्ट्या पडलेल्या, नाव न दिसणाऱ्या गोळ्या घरात नकोतच. मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या "पुढच्या वेळी होतील" म्हणून ठेवू नका. पुढचा आजार तोच असेल असं नसतं.

जुने मोबाइल आणि पॉवरबँक बघा. बॅटरी फुगलेली असेल तर ती खणात ठेवू नका, चार्जिंगला लावू नका, टोचू नका. अशा बॅटरीला आग लागू शकते. ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

गॅलरीतल्या फुटक्या बादल्या, रिकाम्या कुंड्या, जुने टायर काढा. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पाणी आटलं तरी ती अंडी भांड्याच्या कडेला कित्येक महिने तग धरतात. पुढच्या पावसात पुन्हा पाणी साचलं की त्यांतून अळ्या निघतात.

आणि घरातलं काढून जिन्यात ठेवू नका. जुनं कपाट, सायकल, रद्दीचे गठ्ठे तिथे नकोत. आग लागली तर सगळी इमारत त्याच जिन्याने उतरणार आहे. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, त्यांनी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट आजच मोकळी करावी. रात्री दिवा न लावता उठणाऱ्या आजींचा पाय वाटेतल्या स्टुलात अडकतो.

कागदांवर जरा थांबा. इथे घाई केली तर पुढच्या पिढीला भोगावं लागतं.

वीजबिलांच्या जुन्या पावत्या, लग्नपत्रिका, बंद पडलेल्या फ्रीजची हमीपत्रं जाऊ द्या. ज्यावर तुमची सही किंवा आधार क्रमांक आहे अशा झेरॉक्स मात्र फाडून मगच रद्दीत घाला. घराचं खरेदीखत, सोसायटीचं भागपत्र, जन्माचे दाखले, विम्याचे कागद एका फाइलमध्ये ठेवा. ती फाइल कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत हवं.

आजोबांच्या ट्रंकेतला पिवळा पडलेला कागद तर वाचल्याशिवाय टाकूच नका. महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि जात पडताळणी करताना जुना पुरावा मागतात. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी 1950, भटक्या-विमुक्तांसाठी 1961 आणि इतर मागास वर्गासाठी 1967 सालापूर्वीचा. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, हाच तो पुरावा. तो रद्दीत गेला की नातवाला प्रवेशाच्या ऐन धावपळीत गावची शाळा आणि तहसील कचेरी यांच्यात हेलपाटे घालावे लागतात. असे कागद प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात ठेवा आणि त्यांचे फोटोही काढून ठेवा.

जुने फोटो काढलेच आहेत तर आजी-आजोबांना जवळ बसवा. कोण कुठला ते विचारा आणि मागे पेन्सिलीने नावं लिहा. ज्यातलं कुणीच ओळखू येत नाही ते फोटो सांभाळणं नंतर जड होतं. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

स्वयंपाकघरात खरी अडचण मोठ्या भांड्यांची. पूर्वी बारसं-मुंज घरी व्हायची, पन्नास पानं उठायची. तेव्हा ती पातेली लागत. आता कार्य हॉलमध्ये होतं आणि केटरर आपली भांडी आणतो. तरी सासूबाईंना ती द्यावीशी वाटत नाहीत, कारण एकेका भांड्यावर कुणाचं तरी नाव कोरलेलं आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनाच निवडू द्या. त्यांच्या आवडीचं एक पितळी पातेलं घासून, कल्हई करून रोजच्या वापरात आणा. ते पुन्हा चुलीवर चढलेलं बघितलं की उरलेली भांडी मोडीत द्यायला त्या बहुधा तयार होतात. गावच्या देवळात महाप्रसादासाठी दिली तर त्यांना जास्तच बरं वाटेल.

कपडे देताना एवढं बघा. जो कपडा आपण पाहुण्यांसमोर घालणार नाही तो दुसऱ्याला घालायला देऊ नका. चांगले असतील ते धुऊन, बटणं लावून द्या. विरलेल्या सुती साड्यांची गोधडी होते, नाहीतर पुसणी होतात. बोहारीण दारावर येत असेल तर फार घासाघीस करू नका, तिचं पोट त्यावर आहे. पुण्यात असाल तर 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे, तिच्याकडे चौकशी करा. भंगारवाल्याला देताना काच वेगळी बांधून द्या, त्याचे हात कापतात.

पसारा आवरायला म्हणून नवे डबे, नव्या टोपल्या, नवी कपाटं मात्र विकत आणू नका. आधी वस्तू कमी करा. मग बहुतेक वेळा आहेत तीच कपाटं पुरतात. आणि घरच्या पुढच्या कार्यात "आहेर आणू नये" असं नुसतं छापू नका, स्वतःही परत-आहेर देणं थांबवा. तुमच्या कपाटातले ब्लाऊजपीस असेच कुणाकुणाकडून आलेले आहेत.

एका वेळी एकच खण घ्या. आणि द्यायची म्हणून भरलेली पिशवी त्याच दिवशी घराबाहेर जाऊ द्या. आठवडाभर दाराशी राहिली तर एकेक वस्तू परत आत येते.