उरलेल्या पायाचे माप

अपघाताने वा मधुमेहाने पाय गमावलेल्या मनुष्यास कृत्रिम पाय मिळाला, म्हणजे त्याचा प्रश्न सुटला, अशी आपल्या समाजाची सोयीस्कर समजूत आहे. शिबिरे भरतात, पाहुण्यांच्या हस्ते वाटप होते, छायाचित्रे निघतात आणि किती पाय दिले याचा आकडा अहवालात जातो. त्यांतील किती पाय सहा महिन्यांनंतरही चालत होते आणि किती घराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते खरा हिशेब तोच होय.

डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या जयपूर पावलाची कीर्ती जगभर गेली, आणि ती योग्यच आहे. परंतु देहाचा भार त्या पावलापर्यंत पोचतो तो सॉकेटमधून, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीतून. ती नीट बसली नाही, तर उत्तमातले उत्तम पाऊलही व्यर्थ.

गुडघ्याखाली तोडलेल्या पायाचे माप शिंप्याच्या फितीने भागत नाही. फितीने घेर व लांबी कळते, आकार कळत नाही. म्हणून ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा काढतात, त्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती करतात, आणि मग ती तासतात. हे तासणे हीच खरी विद्या! कारण पायाची हुबेहूब नक्कल केलेले सॉकेट पायाला मानवत नाही. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा भार सोसते. तिथे प्रतिकृती कोरतात. नडगीची धार आणि बाहेरच्या अंगास असलेल्या बारीक हाडाचे टोक दाब सोसत नाही. तिथे भर घालून जागा सोडतात. आता प्रकाशाच्या साह्याने आकार टिपणारे स्कॅनर आले आहेत. प्लास्टरची राड वाचते, माप जपून ठेवता येते, पुढच्या मापाशी ताडून पाहता येते. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण यंत्र कातडी पाहते. तिच्याखालचे मांस मऊ की कठीण, दाबले असता कुठे कळ येते, हे अजूनही जाणत्या बोटांनाच समजते.

आणि हा आकार स्थिर राहत नाही. शस्त्रक्रियेनंतरची सूज ओसरते, वापरात नसलेले स्नायू रोडावतात, काही महिन्यांत पहिले सॉकेट सैल होते. एका दिवसातही सकाळचे माप सायंकाळी जुळत नाही. जादा मोजे चढवून काही काळ निभावते. पुढे नवे सॉकेटच लागते. मधुमेह्याची गोष्ट तर अधिक गंभीर. त्याची संवेदना मंद असल्याने सॉकेट घासते आहे हेच त्याला कळत नाही. कळते तेव्हा जखम चिघळलेली असते, आणि त्याच पायावर पुन्हा शस्त्र चालवण्याची पाळी येते. म्हणजे चुकीचे माप ही नुसती गैरसोय नव्हे.

विद्या आपल्या घरी नाही, असे मुळीच नाही. पुण्यास सैनिकांसाठी १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र निघाले; मुंबईस हाजी अली येथील पुनर्वसन संस्था १९५५ ची. परंतु नंदुरबारच्या वा गडचिरोलीच्या शेतमजुराने दुसऱ्या मापासाठी रोज बुडवून पुण्या-मुंबईस यावे, ही अपेक्षाच निर्दय आहे. तो येत नाही. पाय काढून ठेवतो आणि कुबडी घेतो. मग आपण त्यालाच आळशी म्हणतो!

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्लास्टरची एक खोली व एक शिकलेला अवयवतज्ज्ञ असावा, ही मागणी अवास्तव नाही. आणि तोवर एवढे तरी व्हावे : पहिल्या पायाच्या खर्चातच दुसऱ्या सॉकेटचा खर्च धरावा, शिबिर उठण्यापूर्वी फेरमापाची तारीख व जागा प्रत्येकाच्या हाती लेखी द्यावी, आणि ज्या शिबिराने ती दिली नाही त्यास सरकारी अनुदान मिळू नये.