राज्यशास्त्राचा पहिला धडा पाड्यावर

आपल्या विद्यापीठांतील राज्यशास्त्र दीर्घकाळ प्लेटो-अ‍ॅरिस्टॉटलपासूनच सुरू होत आले. सुरगाणा, पेठ, कळवणहून नाशिकच्या महाविद्यालयांत येणारा वनवासी विद्यार्थी ग्रीक नगरराज्याची व्याख्या पाठ करतो. परंतु आपल्या पाड्यावर वडीलधारे एकत्र बसून तंटा मिटवतात, तोही राज्यव्यवहारच आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. राजकीय शहाणपण तेवढे बाहेरून आले, असा न्यूनगंड घेऊनच तो पदवीधर होतो.

१९ डिसेंबर १९४६ रोजी जयपाल सिंह मुंडा यांनी संविधान सभेत याच न्यूनगंडावर घाव घातला होता. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या या विद्वानाने बजावले की, आमच्या लोकांना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका.

महाराष्ट्रात ही दृष्टी डॉ. गोविंद गारे यांनी जपली. महादेव कोळी समाजात जन्मलेले गारे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले आणि २००६ साली निधन होईपर्यंत आपल्या समाजाविषयी लिहीत राहिले. इंग्रजांच्या कागदपत्रांत राघोजी भांगरे हा दरोडेखोर ठरला होता. १८४८ साली ठाण्याच्या कारागृहात फाशी गेलेला तो क्रांतिवीर होता, ही जाण त्या समाजाने जपली. असा इतिहास आतून लिहिणारा अभ्यासक अध्यापनालाही वेगळी दिशा देऊ शकतो.

याचा व्यवहाराशी थेट संबंध आहे. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला रूढी-परंपरा व सामूहिक साधनसंपत्तीच्या रक्षणाचा अधिकार दिला. २०१४ साली महाराष्ट्राने त्याचे नियम केले. २०११च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची सुमारे चतुर्थांश लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. राज्यशास्त्राच्या पदवीधरालाच ग्रामसभेचे अधिकार ठाऊक नसतील, तर त्या रिकाम्या जागेत इतर कोणी शिरणारच. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या मोर्चात वनवासी बांधवांच्या हाती लाल झेंडे होते. वनजमिनीच्या हक्काची त्यांची मागणी मात्र रास्त होती. झेंड्यावर टीका करण्यापूर्वी, त्या मागणीपाशी आपण आधी का पोहोचलो नाही, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमाचे दार उघडले. ती परंपरा कौटिल्यापाशी थांबू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एका ग्रामसभेला बसावे, तेथील ज्येष्ठांकडून न्यायनिवाड्याची रीत लिहून घ्यावी आणि वनवासी विद्यार्थ्याने ती वर्गाला समजावून सांगावी. त्या तासाला शहरी मुले श्रोते असतील. समरसतेचा प्रारंभ अशा ऐकण्यातूनच होतो.