देवी, टीका आणि सक्ती

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटालगत शीतलेचे मंदिर आहे. ज्या रोगाची ती अधिष्ठात्री मानली गेली तो रोग भारतातून नाहीसा झाल्याचे १९७७ मध्ये जाहीर झाले. तिच्या दारची गर्दी मात्र ओसरलेली नाही. मराठीने तर रोगाला आणि देवतेला एकच शब्द दिला. त्यामुळे ‘देवी येणे’ हे संकटही ठरले आणि आगमनही, व प्रतिबंधक उपायासाठी ‘देवी काढणे’, ‘देवी टोचणे’ असे प्रयोग रूढ झाले. काशीच्या हिंदीत याच क्रियेला ‘टीका लगाना’ म्हणतात. भाष्य आणि दोषदर्शन एवढेच टीकेचे अर्थ ठाऊक असलेल्या मराठी अभ्यासकास हा तिसरा अर्थ कळला म्हणजे प्रथम हसू येते.

लसीकरणाच्या सक्तीविषयीची अलीकडची चर्चा ऐकली तर असे वाटावे की, हा प्रश्न आपल्याकडे २०२१ सालीच उपस्थित झाला, आणि व्यक्तिस्वातंत्र्य व लोकहित हे द्वंद्व पाश्चात्त्य ग्रंथांतून उतरवून घेण्यावाचून गत्यंतर नाही. वस्तुतः काशीचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे. हॉलवेल या इंग्रज वैद्याने १७६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात काशी, प्रयाग, वृंदावन येथील विद्यास्थानांतून दरवर्षी बंगालकडे जाणाऱ्या ब्राह्मण टीकादारांचे वर्णन आहे. त्यांच्याजवळ आजची लस नव्हती. मागील वर्षीच्या फोडांतील द्रव्य ते कापसात जपून ठेवीत आणि त्यावर गंगाजलाचे दोन-तीन थेंब टाकून तो कापूस त्वचेवरील बारीक जखमेवर बांधीत. त्याआधी महिनाभर मासे, दूध व तूप वर्ज्य करावे लागे. पथ्य न पाळणाऱ्यास टीकादार स्वतःच नकार देई. आणि, हॉलवेल सांगतो, मुलाला किती फोड यावेत असे ते आईबापांना दारातच विचारीत! ती संख्या त्यांच्या हाती कितपत होती हे सोडून देऊ. परंतु विचारण्याची रीत होती.

या रीतीचे गोडवे गाण्याचा मोह आवरला पाहिजे. टोचलेल्या व्यक्तीस येणारा रोग सौम्य असला तरी खरा असे, आणि तिच्यापासून शेजाऱ्यास तो पूर्ण उग्र स्वरूपात होऊ शके. टीकादार घराला विचारीत असे, आळीला नव्हे. मुंबईचा १८७७ चा आणि हिंदुस्थान सरकारचा १८८० चा लसीकरण कायदा आला तेव्हा नेमके उलट घडले. १८८० च्या कायद्याने, तो जेथे लागू केला गेला त्या नगरपालिकांत व छावण्यांत, जुन्या पद्धतीस बंदी केली आणि मुलांना गोस्तनी देवीची लस टोचणे सक्तीचे केले. कायद्याने आळीचा विचार केला, पण घराला विचारले नाही. एका मुलाच्या दंडावरील लस दुसऱ्यास टोचण्याच्या तत्कालीन पद्धतीने सोवळ्याओवळ्याचे आणि जातीचे जे प्रश्न उभे राहिले, त्यांची गणना सरकारी कागदांत सरसकट ‘अज्ञान’ या सदरात होत असे.

ही सवय स्वातंत्र्यानंतरही सुटली नाही. १९७० च्या दशकात देवीनिर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात काही ठिकाणी दारे फोडून, माणसांना धरून लस टोचण्यात आली. मोहीम यशस्वी झाली आणि यशाच्या आनंदात ती धरपकड विस्मृतीत गेली. यश खरे होते, हे निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे. देवीची लस घेतलेला माणूस बहुधा रोग पुढे पसरवीत नसे, म्हणून तेथे सक्तीला निदान भक्कम आधार होता.

करोनाच्या साथीत हा आधार डळमळीत झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलचा पास लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांनाच मिळू लागला. लसीने गंभीर आजार आणि मृत्यू टळत होते; लस घेतलेल्याकडून संसर्ग होतच नाही, असे मात्र म्हणता येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात दिलेला निर्णय या दृष्टीने मननीय आहे. कोणासही बळाने लस टोचता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी शासन निर्बंध घालू शकेल, पण ते प्रमाणबद्ध असले पाहिजेत. आणि लस न घेतलेल्यांकडूनच अधिक संसर्ग होतो असे दाखविणारी माहिती समोर नसल्याने त्या वेळचे निर्बंध प्रमाणबद्ध नव्हेत, असे न्यायालयाने म्हटले. घर आणि आळी या दोहोंना एकाच तराजूत घालणारा हा विचार योग्य आहे. नकारामुळे दुसऱ्यास जेवढा अपाय संभवतो तेवढीच सक्ती न्याय्य, आणि तीही पासाच्या खिडकीवर, दंडावर नव्हे.

मात्र मुलांच्या बाबतीत हा तराजू अपुरा पडतो. तेथे नकार देणारा एक आणि रोग भोगणारा दुसरा असतो. पालकांच्या स्वातंत्र्याला मुलाचे स्वातंत्र्य म्हणणे हा शब्दच्छल आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ पसरली, तेव्हा आजारी पडलेल्या अनेक मुलांना नवव्या महिन्यातील पहिली मात्राही मिळालेली नव्हती. गोवर हा अत्यंत संसर्गजन्य रोग असून त्याची लस संसर्गही रोखते. म्हणजे सक्तीची बाजू येथे करोनापेक्षा कितीतरी बळकट. तरीही महापालिकेने दंडाचा बडगा न उगारता धर्मगुरूंची मदत मागितली आणि आरोग्यसेविका पुन्हा दारोदार गेल्या. किती फोड हवेत, असे विचारण्याची सोय त्यांना नव्हती. पहिली मात्रा का चुकली, एवढे त्यांना विचारता येत होते, आणि बहुतेकदा ते त्या घरच्या हिंदी-उर्दूतच विचारावे लागे.