अपुऱ्या खेळाची संहिता

'कॉर्टेक्स कमांड' हा संगणकीय खेळ डॅनियल टाबार यांनी २००१ साली रचायला घेतला आणि त्याची '१.०' ही अधिकृत पूर्ण आवृत्ती २०१२ च्या सप्टेंबरात आली. मधल्या बऱ्याच वर्षांत तो अपुऱ्या अवस्थेतच विकला जात होता, खेळला जात होता. २००९ च्या 'इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल'मध्ये त्याला तांत्रिक उत्कृष्टतेचे आणि प्रेक्षकपसंतीचे अशी दोन पारितोषिके मिळाली, तीही अपुरा असतानाच. पूर्ण म्हणून जाहीर झाल्यावर मात्र त्याचे स्वागत संमिश्र झाले. त्यातले दोष आणि उणिवा समीक्षकांनी पुढे आणल्या. एखादी कृती अपुरी असताना गौरवली जावी आणि पूर्ण होताच उणी वाटू लागावी, हे कोडे आम्हांला मराठीच्या वर्गात चर्चेला घेण्याजोगे वाटते.

खेळाचे स्वरूप आधी सांगायला हवे. पडद्यावर जमिनीचा उभा छेद दिसतो. दृश्य बाजूने सरकत जाते. आपण म्हणजे एक मेंदू. देह नसलेला, बहुधा भूमिगत तळात जपून ठेवलेला. तो दुरून निरनिराळ्या देहांत शिरतो, त्यांच्याकडून जमीन खणून सोने काढवतो, त्या सोन्यावर नवे देह आणि शस्त्रे मागवतो. एक देह पडला की दुसऱ्यात जायचे. मेंदू फुटला की खेळ संपला. परकायाप्रवेशाची कथा आपल्या परंपरेला नवी नाही. मात्र तिथे परकाया सहसा निमूटपणे आज्ञा पाळते. इथे ती पाळत नाही, आणि सारी गंमत तिथेच आहे.

कारण या खेळातील देहांना वजन आहे. एरवीच्या खेळांत पात्राचे चालणे म्हणजे आधी रेखाटून ठेवलेल्या चित्रांची मालिका असते. इथे पाय खरोखरच जमिनीला रेटा देतात आणि त्या रेट्यावर धड पुढे जाते. म्हणून उंचसखल जागी शिपाई अडखळतो. बंदुकीचा धक्का त्यालाच मागे ढकलतो. पाय तुटला तर उरलेल्या देहानिशी तो सरपटतो. स्फोटाने जमिनीचा कण न् कण उडू शकतो, आणि शिपाई घेऊन उतरणारे यान कलंडून आपल्याच माणसांवर कोसळते. यातले काहीही लेखकाने प्रसंग म्हणून लिहिलेले नाही. त्याने फक्त नियम लिहिले. योगायोगाने कथानक वळवणाऱ्या लेखकांना आपण परीक्षणात झोडपतो. इथे अपघात घडतात, पण प्रत्येक अपघाताला कारण असते, आणि ते पडद्यावर दिसते. शोकांतिका आणि प्रहसन यांतले अंतर इतके कमी असलेली लढाई आम्ही क्वचितच पाहिली आहे.

आता अपुरेपणाविषयी. हरिभाऊ आपट्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. काफ्काची 'द कॅसल' १९२६ साली अपुरीच छापली गेली. त्यांना आपण 'अपूर्ण' म्हणतो तेव्हा शेवट नाही, एवढेच म्हणत असतो. या खेळाचा अपुरेपणा निराळा आहे. त्याच्या गाभ्याला शेवटाची गरजच नव्हती. नियम जागच्या जागी होते. उणी होती ती त्यांच्याभोवतीची मोहीम, म्हणजे एका लढाईला दुसरीशी जोडणारे सूत्र. ते सूत्र '१.०' मध्ये आले आणि आमच्या मते तेच खेळाचे सर्वांत निर्जीव अंग ठरले. ग्रहाच्या नकाशावरचे प्रदेश एकामागून एक जिंकत जाणे हे हिशेबाचे काम आहे. कलंडणाऱ्या यानाचे नाट्य त्यात कुठे?

मग याची संहिता कोणती मानायची? वर्षानुवर्षे आवृत्त्या येत राहिल्या, प्रत्येकीत काही बदललेले. हे सरळसरळ पाठभेद आहेत. शिवाय खेळाडूंनी स्वतःची शस्त्रे, देह, रणभूमी रचून त्यात घातली. पाठचिकित्सेच्या भाषेत हे क्षेपक. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले. टाबार यांच्या खेळाची रीत नेमकी उलटी: क्षेपकांना त्यात पहिल्यापासून वाव होता, आणि २०१९ साली तर मूळ कोडच सर्वांसाठी खुला करण्यात आला. चाहत्यांच्या गटाने तो पुढे नेला. मूळ प्रत शोधत मागे जाण्याची आपली पद्धत इथे लागू पडत नाही, आणि म्हणून ती पद्धत कोणत्या गृहीतांवर उभी आहे हे विद्यार्थ्यांना दाखवायला हे उदाहरण फार सोयीचे आहे.

असो. एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. हरिभाऊंच्या 'करमणूक'च्या वाचकाला निदान त्या अंकापुरते प्रकरण पुरे मिळत असे. अपुऱ्या खेळाचा ग्राहक आज पैसे देतो ते अंशतः उद्याच्या वचनापोटी. २०१३ पासून 'स्टीम' या विक्रीमंचावर असे अपुरे खेळ विकण्याची रीतसर सोयच झाली, आणि तेव्हापासून अपुरेपणाच्या सौंदर्यशास्त्राआड आळस व लबाडी सहज लपू शकते. आम्ही केलेले कौतुक तिला लागू नाही. खेळाची आज हाती असलेली आवृत्ती उद्याच्या आश्वासनाशिवाय उभी राहते का, एवढे विचारावे. 'कॉर्टेक्स कमांड' २००९ सालीही उभा राहत होता, अडखळत का होईना. आणि त्याचे अडखळणे तर मुद्दामच रचलेले होते.