तिशीतलं सुवर्णपदक

मुलगी दहावीत गेली की घरात पहिली गदा कशावर येते? तिच्या खेळावर! रॅकेट माळ्यावर जाते आणि क्लासची फी भरली जाते. ‘खेळून का पोट भरतंय?’ हा प्रश्न आमच्या धाडमध्ये मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलाय. प्रश्न चुकीचा नाही, मैत्रिणींनो. पण त्याचं उत्तर आपण शोधतो कुठे?

ठाण्याच्या मधुरिका पाटकरचंच बघा ना. जन्म १९८७ चा. टेबल टेनिसमध्ये ती राष्ट्रीय विजेती झाली २०१७ मध्ये, म्हणजे एकोणतिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिला संघाची अंतिम लढत होती सिंगापूरशी. आधीच्या चारही स्पर्धांत सांघिक सुवर्ण सिंगापूरनेच नेलेलं. मधुरिका एकेरीत हरली. पण लगेच मौमा दासबरोबर दुहेरीला उभी राहिली आणि ती लढत दोघींनी जिंकली. मनिका बत्राने शेवटचा सामना मारला अन् ३-१ ने भारताला या प्रकारातलं पहिलं सुवर्ण मिळालं. पुण्याची पूजा सहस्रबुद्धेही याच संघात होती. मधुरिकाला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला.

ज्या वयात आपल्याकडे बाईचं ‘आता काय राहिलं’ म्हणून खातं बंद करतात, त्या वयात हे घडलं! मौमा तर तेव्हा चौतीस वर्षांची होती. पुढे तिला मुलगी झाली आणि त्यानंतर २०२२ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, ती पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली.

आता जपानकडे बघू. तिथे २०१८ पासून टेबल टेनिसची व्यावसायिक लीग आहे. कासुमी इशिकावाला तिच्या आईनेच खेळ शिकवला, कारण आई स्वतः खेळाडू. लंडन, रिओ आणि टोकियो अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये तिने सांघिक पदक मिळवलं आणि २०२३ मध्ये, तिशीत, ती निवृत्त झाली. आपल्याकडेही २०१७ पासून लीग आहे, पण ती थोड्या दिवसांची. वर्षभराची चूल त्यावर पेटत नाही. आपल्या खेळाडूला खरा आधार असतो तो नोकरीचा. रेल्वे, बँका, तेल कंपन्या खेळाडूंना नोकरी देतात, म्हणून सराव चालू राहतो. तरीही ओढाताण संपत नाही. बंगळुरूची अर्चना कामत पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळली, भारताचा महिला संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि त्याच २०२४ साली चोविसाव्या वर्षी ती खेळ सोडून अमेरिकेला शिकायला गेली. तिला नावं कशाला ठेवायची? खेळात पुढची वाट भरवशाची दिसली नाही, तर कुणीही हेच करील.

म्हणून मला वाटतं, आपल्या मुलीचा खेळ बंद पडतो तो तिच्यात गुण नाही म्हणून नव्हे, तर वाट कुणी दाखवत नाही म्हणून. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. पण स्पर्धा मान्यताप्राप्त असावी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी व्हावी लागते. तेव्हा आयांनो, गुणपत्रिका जपता तशीच पोरीची खेळाची प्रमाणपत्रंही जपा. कुठली स्पर्धा चालते, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात आधीच विचारा.

‘हा तर शहरातला खेळ’ असं कुणी म्हणेल. पण २०२३ च्या आशियाई स्पर्धेत चिनी जोडीला हरवून दुहेरीचं कांस्य आणणाऱ्या सुतीर्था आणि अयहिका मुखर्जी बंगालमधल्या नैहाटी या लहान शहरातल्या. त्याच स्पर्धेत आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने तिरंदाजीत सांघिक सुवर्ण मिळवलं. जिथे साधनं आणि शिकवणारा असतो, तिथे खेळाडू घडतो.

टेबल टेनिसला मोठं मैदान लागत नाही. नऊ फूट बाय पाच फुटांचं टेबल आणि भोवती वावरायला जागा असलेली खोली पुरते. वैशाखाचं ऊन असो की आषाढाचा पाऊस, खेळ अडत नाही. पालकसभेत आपण गणवेशाबद्दल बोलतो, सहलीबद्दल बोलतो. एकदा त्या टेबलाबद्दलही बोलू या. आणि टेबल आलं, तर दहावीच्या वर्षी पोरीला त्याच्यापासून तोडू नका!