बेट धुतले, माणसे राहिली

उल्हासनगरात कोणालाही पत्ता विचारावा, तो अजूनही 'कॅम्प नंबर तीन' किंवा 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतो. सांगणाऱ्याला त्यात वावगे वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैन्याची छावणी उभारली, बराकी बांधल्या. युद्ध संपले, फौजा निघून गेल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबे त्याच बराकींत गोणपाटाचे आडोसे करून राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली व छावणीचे उल्हासनगर झाले. नाव बदलले, 'कॅम्प' हा शब्द मात्र गेला नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त वेगळेच आहे. मध्यंतरी आमच्या धर्मग्रामातील युवकांच्या मेळाव्यात आम्ही लष्करी प्रयोगशाळांच्या इतिहासावर थोडे बोललो. कार्यक्रम संपल्यावर एक वाचनप्रेमी, वयोवृद्ध गृहस्थ आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, "फादर, बंद पडलेल्या गोष्टी उकरून काय साधणार? ते दिवस युद्धाचे होते. जे झाले ते झाले." गृहस्थ सज्जन आहेत, त्यांचे म्हणणेही सज्जनांचेच आहे, म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणे आम्हांला अगत्याचे वाटते. दुर्जनांच्या मतांनी समाजाचे होत नाही एवढे नुकसान सज्जनांच्या अशा मतांनी होते.

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात पोर्टन डाउन नावाचे ठिकाण आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी विषारी वायू वापरला तेव्हा त्याला उत्तर म्हणून १९१६ साली तेथे लष्करी संशोधन केंद्र सुरू झाले. १९२५ च्या जिनिव्हा कराराने विषारी वायू व रोगजंतू यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरविला. वापर निषिद्ध ठरला, संशोधन नव्हे. ही पळवाट ठेवूनच राष्ट्रांनी सह्या केल्या. १९४० मध्ये पोर्टन येथे पॉल फिल्ड्स या शास्त्रज्ञाच्या हाताखाली जंतुशास्त्राचा विभाग निघाला. त्याला उघड्यावर प्रयोग करण्यासाठी जागा हवी होती. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावरचे ग्रुइनार्ड हे छोटेसे बेट सरकारने ताब्यात घेतले. १९४२ च्या उन्हाळ्यात तेथे साठएक मेंढ्या ओळीने बांधून अँथ्रॅक्सचे बॉम्ब फोडण्यात आले. काही दिवसांतच मेंढ्या मेल्या. प्रयोग यशस्वी झाला! पुढे मुख्य भूमीवरची जनावरेही या रोगाने दगावली, तेव्हा खरे कारण लपवून मालकांना नुकसानभरपाई देण्यात आली.

अँथ्रॅक्सचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. त्यामुळे युद्ध संपून चाळीस वर्षे लोटली तरी त्या बेटावर पाऊल ठेवण्यास मनाई होती. १९८१ साली एका अनामिक गटाने त्या बेटाची माती म्हणून एक पुडके पोर्टनच्या दाराशी नेऊन ठेवले, तेव्हा सरकारची झोप उडाली. १९८६ मध्ये २८० टन फॉर्माल्डिहाइड समुद्राच्या पाण्यात कालवून बेटावर शिंपडण्यात आले. मग मेंढ्यांचा कळप सोडून पाहिला. तो धडधाकट राहिला. २४ एप्रिल १९९० रोजी संरक्षण खात्याच्या एका उपमंत्र्याने बेटावर जाऊन धोक्याची पाटी स्वतःच्या हाताने काढली. पुढच्याच महिन्यात मूळ मालकाच्या वारसांना ते बेट ५०० पौंडांस परत मिळाले. बेट ताब्यात घेतानाच तसे ठरले होते.

येथपर्यंतची हकीकत ऐकून आमचे ते वृद्ध मित्र म्हणतील, "मग चांगलेच झाले की!" होय, बेटाच्या बाबतीत चांगले झाले. आता त्याच पोर्टनची दुसरी हकीकत ऐकावी.

१९३० च्या दशकाच्या आरंभापासून दहा वर्षांहून अधिक काळ पोर्टनचे शास्त्रज्ञ आपल्या देशात, रावळपिंडीला, ठाण मांडून होते. येथे त्यांनी मस्टर्ड वायूचे प्रयोग केले, आणि ते मेंढ्यांवर नव्हे. ब्रिटिश अमलाखालील सैन्यातल्या शेकडो हिंदी शिपायांना वायूने भरलेल्या कोठडीत पाठविण्यात आले. कित्येकांच्या अंगावर अर्धी चड्डी आणि सुती सदरा एवढेच कपडे होते. गोऱ्या कातडीपेक्षा काळ्या कातडीवर या वायूचा परिणाम कमी होतो की अधिक, आणि रणभूमीवर तो किती प्रमाणात वापरावा, हे त्यांना मोजून पाहायचे होते. कित्येकजण भाजले, काहींना इस्पितळात दाखल करावे लागले. एकाचा मुखवटा सरकला आणि त्याचे डोळे व चेहरा होरपळला. हा वायू कर्करोगास कारण होतो हे आज वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. परंतु त्या शिपायांना पुढे काय झाले, याचा पाठपुरावा पोर्टनने केला नाही. सप्टेंबर २००७ मध्ये लंडनच्या 'गार्डियन' वृत्तपत्राने जुन्या दप्तरांतून हा प्रकार प्रसिद्ध केला, तेव्हा जगाला तो कळला. आपल्या वृत्तपत्रांनीही त्याची बातमी छापली. आणि मग? मग काही नाही.

'त्या काळची नीती वेगळी होती' हे उत्तर तेव्हा देण्यात आले. आमचा आक्षेप नेमका येथेच आहे. काळाची नीती वेगळी होती तर ती सर्वांनाच लागू पडायला हवी होती. १९५३ साली त्याच पोर्टनमध्ये रोनाल्ड मॅडिसन नावाचा वीस वर्षांचा ब्रिटिश वायुसैनिक सारिन या विषाच्या प्रयोगात मरण पावला. ५१ वर्षांनी, २००४ मध्ये, नव्याने चौकशी होऊन त्याचा मृत्यू बेकायदा ठरविण्यात आला. जानेवारी २००८ मध्ये पोर्टनच्या ३६० माजी सैनिकांना मिळून ३० लक्ष पौंड देण्यात आले व सरकारने पार्लमेंटात खेद व्यक्त केला. योग्यच झाले, कोणी नाही म्हणत नाही. परंतु एकाच केंद्राच्या हिशेबात स्कॉटलंडची माती येते, मेंढ्या येतात, ब्रिटिश सैनिक येतात. फक्त रावळपिंडीचा शिपाई येत नाही. १९४७ साली देश फुटला, रावळपिंडी पाकिस्तानात गेली. तेव्हापासून तो शिपाई दिल्लीच्या लेखी तिकडचा आणि इस्लामाबादच्या लेखी साहेबाच्या पदरचा. तो ज्या राज्याचा नोकर होता ते राज्यच उरले नाही, आणि विचारणारेही कोणी उरले नाही.

सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकविताना प्राध्यापक एक गोष्ट पुनःपुन्हा बजावीत. चोराने पापनिवेदन केले, धर्मगुरूने क्षमा उच्चारली, तरी चोरलेली वस्तू परत करण्याचे बंधन सुटत नाही. मालक सापडत नसेल तर शोधावा लागतो. येथे तर अजून पापनिवेदनही झालेले नाही, आणि आमचे सज्जन मित्र क्षमेची घाई करीत आहेत. जे झाले ते झाले असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्यावर झाले त्याचा आहे. तो आपला नाही.

आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. दुसऱ्याच्या अंगणात बोट दाखवून परतणे सोपे असते. भारताने १९७४ साली जैविक शस्त्रांवरील बंदीच्या करारास मान्यता दिली, याचा आम्हांला अभिमान आहे. रासायनिक अस्त्रांची गोष्ट मात्र जराशी निराळी आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत व पाकिस्तान यांनी अशी अस्त्रे आपण बनविणार नाही, बाळगणार नाही असे संयुक्तपणे जाहीर केले होते. पाच वर्षांनी, जून १९९७ मध्ये, भारताने आपल्याजवळ एक हजारावर टन मस्टर्ड असल्याचे आंतरराष्ट्रीय संस्थेला कळविले. ज्या विषाने रावळपिंडीचे शिपाई भाजले, तेच हे विष. २००९ पर्यंत हा साठा संपूर्ण नष्ट करण्यात आला. दिलेले वचन मुदतीत पाळणारी राष्ट्रे थोडी, त्यांत आपण आहोत. पण नागरिकांना ही गोष्ट सरकारने आपण होऊन सांगितली नव्हती, करारामुळे सांगणे भाग पडले, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

आम्ही सैन्याचे विरोधक नाही. आमच्या धर्मग्रामातील किती कुटुंबांची चूल अंबरनाथच्या आयुध कारखान्याच्या पगारावर पेटली आहे हे आम्ही जाणतो, आणि त्या कामगारांनी कामाविषयी घरी कधी शब्द काढला नाही याचे आम्हांला कौतुकच वाटते. चालू कारखान्याला गुप्तता हवी. परंतु बंद झालेल्या छावणीला, विसर्जित झालेल्या प्रयोगशाळेला कसली गुप्तता? तिचा फायदा शत्रूपासून बचाव करण्यासाठी होत नाही, आपल्याच माणसांना द्यावयाचा जाब टाळण्यासाठी होतो. शिवाय सरकार बोलत नाही तेव्हा अफवा बोलतात. १९९४ साली सुरतेत प्लेग पसरला तेव्हा तो कोणी मुद्दाम सोडला अशा वार्ता उठल्या होत्या. करोनाच्या काळातही व्हॉट्सअॅपवरून कसकसले 'गुप्त अहवाल' घरोघर फिरले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. खरा इतिहास ज्यांना कोणी सांगितला नाही, ते खोटा इतिहास चवीने वाचतात.

आता पुन्हा आपल्या परिसराकडे येऊ. उल्हासनगर व अंबरनाथच्या अगदी लगत नेवाळी आहे. महायुद्धात तेथे धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यात आल्या. युद्ध संपले, विमाने गेली. शेतकरी म्हणत राहिले, जमीन आमची. संरक्षण खाते म्हणत राहिले, आमची. २२ जून २०१७ रोजी नौदलाच्या कुंपणभिंतीवरून तेथे भडका उडाला. गाड्या जळाल्या, पोलीस व शेतकरी दोघेही जखमी झाले. हिंसेचे समर्थन आम्ही करणार नाही. पण बातम्या वाचताना आम्हांला ते ग्रुइनार्ड आठवले. अँथ्रॅक्सने माखलेले बेट ४८ वर्षांनी धुऊन पुसून वारसांच्या हाती दिले गेले. नेवाळीच्या जमिनीत तर कोणी जंतू पेरले नव्हते, तिथे भातच पिकत होते. तिचा कागद ७५ वर्षांनीही कोणाला दाखविता येऊ नये?

ब्रिटनकडून रावळपिंडीच्या शिपायांची यादी मागविणे हे दिल्लीचे काम आहे, आणि त्यासाठी आमच्या खासदारांना पत्र लिहिण्याचे आम्ही ठरविले आहे. सही करू इच्छिणाऱ्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मग्राम कार्यालयात यावे. त्याखेरीज एक विनंती आहे. ज्यांच्या घरी आजोबांची वा पणजोबांची १९४७ पूर्वीच्या पलटणीतील सेवापुस्तिका, निवृत्तिवेतनाचे कागद, इस्पितळाची चिठ्ठी असे काही असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. आम्हांला आणून द्यावे. आम्ही प्रती काढून घेऊ आणि मूळ कागद त्याच दिवशी परत करू.