मान नसलेले राक्षस

रोल-प्लेइंग गेम म्हटलं की आपल्याला कॉम्प्युटरच आठवतो. पण १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत काढलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ टेबलाभोवती बसून, वही-पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा घेऊन खेळतात. एकजण गोष्ट रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. आंबिवलीत आमचाही ग्रुप आहे. माझी तक्रार एकच: आमचे राक्षस बोअर असतात! दोन हात जास्त लावले, एक डोळा वाढवला, झाला राक्षस. का वाढवला, हे कोणी विचारतच नाही.

आपला रामायणातला कबंध बघा. इंद्राच्या वज्राने त्याचं डोकं आणि मांड्या धडात घुसल्या. मग खायचं कसं? म्हणून पोटात तोंड आणि योजनभर लांब हात! प्रत्येक अवयवाला कारण आहे. शिवाय राम-लक्ष्मणांनी हात तोडून दहन केल्यावर तोच त्यांना सुग्रीवाकडे पाठवतो. आमच्या खेळात मात्र तो मेला की पॉइंट्स मिळाले, विषय संपला.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. २०१६ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या अपघात आयोगाने पॅट्रिशिया पिचिनिनी या शिल्पकर्तीकडून ‘ग्रॅहॅम’ नावाचा पुतळा करून घेतला. कारच्या धडकेतून वाचेल असा माणूस! त्यालाही मान नाही, कारण धडकेत मान मोडते. कवटी मोठी, बरगड्यांवर एअरबॅगसारख्या पिशव्या. दिसायला भयानक, पण सांगणं साधं: तुमचं शरीर असं नाही, म्हणून रस्ते आणि गाड्या सुधारा.

आता ग्रॅहॅमच्याच नियमाने आपल्या कसारा लाइनचा प्राणी बनवूया. दांडीला अडकणारी हुकासारखी बोटं, कासवासारखी पाठ, बॅग धरायला तिसरा हात, आणि श्वास न घेता कल्याणपर्यंत टिकणारी फुफ्फुसं. ग्रुपमध्ये हे वाचून दाखवलं तेव्हा सगळे खूप हसले. पण ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं पडली आणि त्यातली काही गेली. त्यांच्यापैकी कोणालाच हुकाची बोटं नव्हती.

म्हणून माझं मत असं, की चांगला राक्षस म्हणजे त्याला घडवणाऱ्या जगावरची टीका असते. उद्या आपण इंजिनिअर होऊन डबे, पूल, प्लॅटफॉर्म डिझाइन करणार. तेव्हा समोर खऱ्या माणसाचं शरीर ठेवूया. माणसाला मान असते, दोन्ही अर्थांनी!